सहा सायकली, डुमसपर्यंत

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत उधन्याच्या एका मराठी शाळेत मी सहावीला शिकवायचे. एका संध्याकाळी योगिताची आई वर्गाच्या दारात उभी राहून अहिराणीत म्हणाली, "बाई, योगितानं पोट शुक्रवारलेच कसं दुखस?"

मला उत्तर ठाऊक होतं. शुक्रवारी खेळाचा तास असायचा. योगिता अंगानं जाड. धावताना तिला कोणी हसू नये म्हणून मीच तिला शिट्टी आणि गुणांची वही देऊन कडेला बसवायचे. मला ती माया वाटायची. तिला काय वाटत असेल, हे विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात मी ठरवलं, योगितासकट अशा कडेला बसणाऱ्या वर्गातल्या पाच मुलांना घेऊन सायकलीवर डुमसच्या समुद्रावर जायचं.

"पोर पडी गई तं?" योगिताच्या आईनं विचारलं.

"उठवू. मीसुद्धा पडते अधूनमधून."

जानेवारीतल्या रविवारी उजाडताच निघालो. जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, रस्ता सपाट. सायकली भाड्याच्या, तासाला दोन रुपये. नियम एकच: सगळ्यात हळू चालवणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. अर्थातच योगिता पुढे आली. अठवा भागापर्यंत ती सारखी मागे वळून बघत होती. पिपलोदनंतर बघायची थांबली. तेव्हा तिथून शेतं सुरू व्हायची. आज जाणार असाल तर शेतं शोधू नका, आणि पहाटेच निघा. नंतर मोटारी फार.

मगदल्ल्याच्या चहावाल्याकडे थांबलो. बाकड्यावरचे एक काका योगिताकडे बघून गुजरातीत म्हणाले, "जोजे, सायकल भांगी जशे!" मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "भांगशे तो भाडानी छे, काका!" मोडली तर मोडली, भाड्याचीच आहे! चहावाला इतका हसला की त्यानं आमच्या बिस्किटांचे पैसेच घेतले नाहीत.

पुढे मात्र समोरून समुद्राचा वारा सुटला. योगितानं सायकल थांबवली. चेहरा लाल, डोळे भरलेले.

"बाई, मी इथं बसते. तुम्ही जाऊन या. मी सामान सांभाळते."

"सांभाळायला काही ठेवायचंच नाही इथं. आणि त्या शिट्टीचं... योगिता, माझं चुकलं."

रेल्वे क्वार्टर्समधला मिलिंद, तोही तिच्यासारखाच अंगानं भरलेला, सायकलीवरून उतरला. "मलाबी दम लागलाय. त्या बाभळीपर्यंत चालत जाऊ."

चालत गेलो. बाभूळ आली, तिथं पाणी प्यायलो. मग कोणी न सांगता योगितानं पायडलवर पाय ठेवला.

डुमसची वाळू काळी असते. मुलं चपला हातात घेऊन ओहोटीच्या ओल्या वाळूवर तासभर पळत होती. कोण पकडतोय आणि कोण सुटतोय, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. योगिता दोनदा पडली, दोनदा हसली. इथं टमेटा भजी खाल्ल्याशिवाय परतू नये. आम्ही दोन-दोन प्लेट खाल्ल्या, आणि कोणाच्याही प्लेटकडे मी बघितलं नाही.

दुपारी परतलो तेव्हा योगिताची आई गल्लीच्या तोंडाशी उभी होती. योगिता उतरलीच नाही. "आई, बस मागं."

"येडी शे का तू?" म्हणत आईनं पदर खोचला आणि ती कॅरिअरवर बसली. सायकल डगमगली, मग सरळ झाली, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. बायका दारात येऊन बघत होत्या.

योगिताचं वजन कमी झालं का, असं लोक आजही विचारतात. मी कधी मोजलं नाही. एवढं सांगते, पुढच्या शुक्रवारी ती शाळेत आली आणि लंगडीत पहिल्याच डावात बाद झाली, तरी पुढच्या डावाला उभी राहिली. मधल्या सुट्टीत वर्गातली चार काटकुळी पोरं मला गाठून भांडायला लागली, "बाई, आम्हाला का नाही नेलं?"