डाग कसला पडलाय?

सातपूरचे माझे नेहमीचे मेकॅनिक जुन्या गाडीचा धूर स्वतः कधी बघत नाहीत. सायलेन्सरमागे पांढरं फडकं धरतात आणि गिऱ्हाइकालाच विचारतात, "भाऊ, डाग कसला पडलाय? तेलाचा का नुसत्या काजळीचा?" गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून ही पद्धत, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

काल माझी गाडी ऑइल खाते म्हणून नेली. त्यांनी हात पुसायचं काळंकुट्ट फडकं धुरात धरलं. "पडला का डाग?" त्यांनी विचारलं, पण मी मघाशी उभा होतो त्या रिकाम्या जागेकडे बघून.

गाडी बंद करून मी किल्लीच काढून घेतली.

"असू द्या," ते म्हणाले. "रिंगा गेल्या का वॉल्व्ह सील, ते गाडी लोडवर पळवली की कळतं. किल्ली द्या, नेहमीसारखी हायवेला चक्कर मारून येतो."