सीटखालची पिन

सोमवारी सकाळी भाकरीचं पीठ मळताना माझं लक्ष हातातल्या बांगडीकडे गेलं. माझ्या बांगडीला कायम सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. त्यांतली एक मोठी, टोकाशी काळी पडलेली पिन जागेवर नव्हती. आदल्या दिवशी हीच पिन मी भावाच्या गवत कापायच्या मशीनला, सीटखालच्या दोन वायरींच्या मध्ये लावली होती. नंतर काढली का? पिठाचे हात तसेच वर धरून मी ओट्यापाशी उभी राहिले. काही केल्या आठवेना.

आधीच सांगून टाकते, मी स्वभावानं घाबरट आहे. गॅस बंद केला का म्हणून जिन्यातून परत येणारी, ओढून बघितलेलं कुलूप पुन्हा ओढून बघणारी. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर बाहेर पडायचं तर दोनदा निघायची तयारी ठेवावी लागते. असल्या बाईनं यंत्रांच्या नादी का लागावं, हे मलाही कळत नाही. पण आयटीआयमध्ये शिकवण्यात सगळी नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. मग जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक टेबल टाकलं. लोक बिघडलेली यंत्रं आणून देतात. कुणाचा फवारणीचा पंप, कुणाची झाडं कापायची चेन सॉ. चेन सॉ एक तर सुरूच होत नाही, नाहीतर सुरू होते आणि साखळीला तेल पोचत नाही. मी खोलते, साफ करते, जोडते, आणि परत देताना इतक्या सूचना देते की माणूस मशीन घेऊन अक्षरशः पळतो.

माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोडला लॉन चालवतो. आमच्याकडे लॉन म्हटलं की लग्नाचंच. एका टोकाला स्टेज, एका बाजूला जेवणाचं शेड आणि मध्ये हिरवळ. ती हिरवळ कापायला माणसं मिळेनात म्हणून त्यानं बार्शीच्या एका भंगारवाल्याकडून बसून चालवायची जुनी मशीन उचलली. बुटक्या ट्रॅक्टरसारखी दिसते, फक्त पोटाखाली दोन पाती फिरतात. मला फोनवर म्हणाला, "अक्का, ट्रॅक्टर घेतलाय. तेवढा चालू करून दे की." जसं काही मिक्सरच आणून देतोय.

ते ध्यान टेम्पोतून आमच्या पार्किंगमध्ये उतरलं तेव्हा शेजारणींनी नाकाला पदर लावले. टाकीतलं पेट्रोल चिकट झालं होतं. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरानं संसार थाटला होता. चाकांत हवा नाही, पट्ट्याला चिरा. मी एकेक काम हातावेगळं करत गेले आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी फार खुशीत होते. शेवटी इंजिन सुरू झालं. पण पाती फिरवायची दांडी ओढली की लगेच बंद पडायचं. पुन्हा सुरू, पुन्हा दांडी, पुन्हा बंद.

अशा मशीनला सीटखाली एक छोटा स्विच असतो. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला की तो इंजिन बंद पाडतो, म्हणजे कुणी उतरून चुकून खाली हात घातला तरी पाती थांबलेली असतात. मला शंका आली की मी सीटवर बसलेय हे त्या गंजक्या स्विचला कळतच नसावं. खात्री करायला स्विचच्या वायरी काढल्या आणि बांगडीतली पिन उघडून त्या दोन वायरी थेट जोडल्या. पाती झकास फिरली. दोष सापडला. मग स्विच काढून घासला, तेल दिलं, परत बसवला. आणि तेवढ्यात वरून नवऱ्यानं हाक मारली, "अगं, पाणी आलं!"

सोलापूरच्या माणसाला यापुढचं सांगायला नको. नळाला पाणी आलं की हातातलं काम हातात राहत नाही. मी धावत वर गेले. पिंप, टाकी, बादल्या, तांबे, सगळं भरून खाली आले तर भाऊ टेम्पो घेऊन हजर. मशीन चढवायला माणसं आणली होती, त्यांची मजुरी चढत होती, सगळी घाई. मी सूचनांचा पाढा सुरू केला. तेल कुठलं, ग्रीस कुठं, चढावर कसं न्यायचं, पेट्रोल घालताना काय करायचं नाही. तो "व्हय अक्का, व्हय की" करत टेम्पोत बसला. त्या सगळ्या धांदलीत स्विचच्या वायरी मी परत स्विचला जोडल्या होत्या, की पिन तशीच ठेवून वर सीट दाबून मोकळी झाले होते?

ती पिन तिथे राहिली असेल तर भाऊ उतरल्यावरही पाती फिरत राहणार. आणि लग्नाच्या लॉनवर उतरावं लागतंच. गवतात काय नसतं? हारांचे दोरे, प्लास्टिकचे चमचे, वेण्यांचे आकडे, लहान मुलांच्या चपला. दोरा पात्याला गुंडाळला गेला की माणूस वाकणार आणि हात घालणार. माझा भाऊ तर घालणारच. फिरत्या पंख्याला काठी लावून बघणारा पोरगा होता तो.

हात धुवून फोन लावला. रिंग जाते, उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"अहो, स्कूटर काढा," मी म्हटलं.

"गॅस राहिला की कुलूप?" नवऱ्यानं पेपरमधून डोकं न काढता विचारलं. मग माझ्याकडे बघितलं आणि किल्ली घेतली.

जिन्यातच मला एक आधार आठवला. आज सोमवार. आमच्या माहेरी सोमवारी औत धरत नाहीत. बैल म्हणजे बसवण्णा आणि सोमवार त्याचा. वडील होते आणि शेत होतं तोवर कितीही घाई असली तरी सोमवारी बैलांच्या मानेवर जू चढलं नाही. आता शेत नाही, बैल नाहीत, पण आई भावाकडेच राहते आणि तिनं तो नियम सोडलेला नाही. भावानं नवा टेम्पो घेतला तेव्हा पहिला सोमवार तिनं तो दारातून हलू दिला नव्हता. म्हणजे आज मशीन उभीच असेल. मला जरा हायसं वाटलं. पण लगेच आठवलं की काल भाऊ टेम्पोत बसताना मीच हसत विचारलं होतं, "उद्या सोमवार. आई चालवू देईल का?" आणि तो म्हणाला होता, "मशीनला कसला सोमवार, अक्का? ह्याला शिंगं हायत का?"

आणि मंगळवारी लग्न होतं. सोमवारी संध्याकाळी हळद. म्हणजे गवत आज सकाळीच कापणार.

सात रस्त्याच्या सिग्नलला आम्ही उभे होतो तेव्हा मी पुन्हा फोन लावला. नवरा म्हणाला, "लग्नाची गडबड असते, ऑफिसात चार्जिंगला लावला असेल. तू उगाच नको त्या कल्पना करतेस." कल्पना करायची मला गरजच नव्हती, सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. दिसत होता तो भावाचा उजवा हात. लहानपणी सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्याच्या मैदानावरच्या गर्दीत, आई त्याला माझ्या ताब्यात द्यायची. हात धरू द्यायला त्याला कमीपणा वाटायचा. एकच बोट द्यायचा, तर्जनी. त्या एका बोटाला धरून मी पाळण्यांच्या, चक्रांच्या गर्दीतून त्याला नेलं आणि आणलं. सगळी जत्रा मला त्या बोटाच्या घामासकट आठवते. मोठी बहीण होणं म्हणजे तेव्हापासून माझ्यासाठी हेच आहे, दुसऱ्याचं बोट आपल्या मुठीत असणं आणि ते सुटेल म्हणून घाबरत चालणं.

"जोरात घ्या ना हो," मी म्हटलं.

"घेतो. पण तू माझा खांदा सोड, हँडल वळतंय."

लॉनच्या कमानीपाशी पोचायच्या आधीच आवाज आला. तोच आवाज, मी दिवस दिवस ऐकलेला. इंजिन चालू होतं आणि त्याच्याखाली पात्यांची घरघर. आईचा सोमवार कामाला आला नव्हता. स्कूटर थांबायच्या आत मी उतरले.

हिरवळीच्या मधोमध मशीन उभी होती आणि सीटवर माणूस नव्हता.

भाऊ मशीनच्या बाजूला गुडघ्यावर बसला होता. जिथून कापलेलं गवत बाहेर पडतं, त्या तोंडातून झेंडूच्या हाराचा दोरा लोंबत होता आणि तो दोरा धरून तो ओढत होता. मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. पळताना एक चप्पल कुठेतरी गेली. मी मशीनपाशी पोचले आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, तरी पाती लगेच थांबत नाहीत. ती घरघर विरेपर्यंत मी त्याचं मनगट धरून मागे ओढत होते, आणि तो माझ्याकडे बघत होता.

"अक्का? तू कशी काय?"

"हात दाखव. दोन्ही."

त्यानं दाखवले. मी एकेक बोट धरून बघितलं. मला रडू येत होतं आणि रागही आला होता. आधी राग बाहेर पडला. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेडमधले आचारी कांदे चिरायचे थांबले.

मग मी सीटकडे वळले. माझीच पिन, माझाच निष्काळजीपणा, म्हणून पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि तेव्हा नीट दिसलं. सीटवर माणूस नव्हता, पण सीट रिकामी नव्हती. तिच्यावर एक भरलेलं पोतं होतं, सुतळीनं आवळून बांधलेलं.

"हे काय आहे?"

"ज्वारी. उद्याच्या अक्षतांची," भाऊ म्हणाला. मग जरा अवघडून, "तुला फोन करणारच व्हतो. तेवढा एक बिघाड राहिलाय बघ त्यात. उतरलं की बंद पडतंय. सारखं उतरावं लागतंय, कचरा लई हाय. सारखं कोण चालू करत बसणार? म्हणून पोतं ठेवलं. आता झकास चालतंय."

मी पोतं खाली ढकललं आणि सीट उचलली. वायरी स्विचला नीट बसवलेल्या होत्या, वर चिकटपट्टीसुद्धा गुंडाळलेली. पिनेचा पत्ता नव्हता. आणि चिकटपट्टी बघितल्याबरोबर आठवलं. पिन मी काढली होती, आणि टेबलावर शेजाऱ्याची चेन सॉ होती तिचं तेलाचं भोक भुशानं बुजलं होतं, ते त्याच पिनेनं कोरायला घेतलं होतं. तेवढ्यात पाणी आलं. पिन त्या भोकात उभी असणार, आमच्या पार्किंगमध्ये.

माझी काही चूक नव्हती. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी तिथेच गवतात बसले.

"हा बिघाड नाही रे," मी म्हटलं. "उतरलं की बंद पडतं, ते तुझा हात वाचावा म्हणून पडतं. मी तुला काल सांगितलं नाही का?"

"सांगितलं असशील," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "पण तू लई सांगतेस, अक्का. लहानपणापासनं. ह्याला हात लावू नको, तितं जाऊ नको, पळू नको, पडशील. कुठलं खरं आणि कुठलं नुसतंच भ्यायचं, ते आमाला कसं कळायचं?"

नवरा माझी चप्पल हातात घेऊन आला होता. त्यानं ती माझ्या पायाशी ठेवली. माझ्या भीतीनं या घरातलं कुणी कधी वाचलं असेल तर ते मला माहीत नाही. पण त्या भीतीपायी मी इतकी बोलत आले की नेमका जो शब्द कानावर पडायला हवा होता तोच कुणी ऐकला नाही. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

भाऊ माझ्यासमोर उकिडवा बसला. "एकच सांग," तो म्हणाला. "एकच गोष्ट. तेवढी ऐकतो."

जिभेवर किती सूचना आल्या म्हणून सांगू. पट्ट्याची, पेट्रोलची, बुटांची, उताराची. एकेक गिळली.

"उतरलास की किल्ली काढ," मी म्हटलं. "किल्ली हातात असल्याशिवाय खाली हात घालायचा नाही."

"बास?"

"बास."

त्यानं पोतं उचलून शेडमध्ये नेऊन ठेवलं, दोरा कात्रीनं कापून काढला आणि सीटवर बसून मशीन सुरू केली. नवरा म्हणाला, "चल, भाकरीचं पीठ तसंच आहे." मी म्हटलं, "एकदा उतरू दे त्याला, मग जाऊ." मी खुर्ची ओढून बसले. ओठांवर येईल ते आत ढकलत राहिले. भाऊ स्टेजच्या बाजूनं वळला, पार पलीकडच्या कुंपणापर्यंत गेला आणि तिथे काहीतरी दिसलं म्हणून उतरला. मशीन आपोआप गप्प झाली. तरी तो वाकला नाही. आधी मागे वळला, किल्ली काढली आणि मला दाखवायला हात उंच केला.

एवढ्या लांबून किल्ली काही दिसली नाही. हात दिसला.