दुधाबरोबरची गोळी

आमच्या पेडगावच्या शेतात ज्वारीची पेरणी निघाली की चाड्यावर पहिली मूठ दादांची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. तिफणीच्या चाड्यात, त्या लाकडी नरसाळ्यात, ते असं बी सोडत की तिन्ही फणांतून दाणा सारखा पडे. नेमका त्याच हाताला कंप सुटला. एका पेरणीला निम्मं बी फणानं ओढलेल्या तासाबाहेर सांडलं, तेव्हा गड्यांसमोर ते एवढंच म्हणाले, "मूठ आता दुसऱ्यानं धरा."

औरंगाबादच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, एसटी कधी बंद पडेल सांगता येत नसे. गोळ्या संपायच्या आत मी औरंगाबादला जाऊन घेऊन यायचो. परभणीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो. ही गोळी मला पुस्तकातून ओळखीची होती, आणि मास्तरकी तर अंगातच भिनलेली. दादांना समजावत बसलो. या औषधाच्या रेणूला डावं-उजवं असतं. एरवी दोन्ही निम्मे निम्मे तयार होतात, गुण येतो तो फक्त डाव्याचा. म्हणून ऱ्होडियम नावाच्या धातूला मुद्दाम एका अंगाला वळलेले रेणू जोडतात. मग तो धातू कच्च्या मालाला असा धरतो की हायड्रोजन एकाच बाजूनं चिकटतो, आणि जवळजवळ सगळा माल डावा निघतो.

दादा हसले. "म्हंजे बैलावानी. डाव्या अंगाचा बैल उजवीकडं जुंपला तर चालतो का? एवढं सांगायचा पगार देतेत व्हय तुला?"

गोळी लय गरम म्हणून माय ती म्हशीच्या दुधासोबतच द्यायची. आमच्याकडे रीतच तशी, मलाही त्यात वावगं वाटलं नाही. तिनं डेअरीला दूध घालणं बंद केलं. तरी गोळी कधी लागू पडे, कधी नाही. दादा मात्र पेरणीची वाट बघत होते. पेरणीच्या दिवशी मायनं पेला काठोकाठ भरला. "आज तरी हात ठरू दे." पहिल्याच तासाला बी त्यांच्या पायावर सांडलं. ते बांधावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. पुन्हा पेरणीच्या दिवसांत ते शेतात आलेच नाहीत.

ते गेल्यावर ओळखीच्या एका डॉक्टरांकडून कळलं, ही गोळी दुधासोबत घेऊ नये. दुधातले प्रथिनांचे तुकडेही डाव्याच घडणीचे. रक्तात आणि मेंदूत शिरायची वाट दोघांची एकच, आणि तिथं दूध गोळीला पुढं जाऊ देत नाही.

मी गावी गेलो तेव्हा माय गोठ्यात होती. म्हणाली, "दूधच कमी पडलं बाबा तेंना. अजून एक म्हैस असती तर हात ठरला असता."

"कमी न्हाई पडलं, माय," मी म्हणालो.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्यासाठी दूध तापवायला उठली. मी ते सगळं प्यालो.