तुरटी फिरवलेलं पाणी

मासे पाळण्यात मला शिकवील असं माणूस आमच्या मानवतमध्ये नाही, हे मी तेव्हाही म्हणायची, आजही म्हणते. माझ्या काचेच्या टाकीत कोरी जातीचे चार मासे होते. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, तोंडाला मिशा, आणि अंगावर खवल्यांऐवजी दोन्ही बाजूंनी चिलखतासारख्या कडक पट्ट्या. दुकानदार सांगतात, हा घाण खाऊन जगतो, याला वेगळं काही घालू नका. साफ खोटं. त्याला रोजचं खाणं रोज लागतं आणि वाळूत तोंड खुपसून तो ते हुडकतो. पाणी गढूळ होतं ते त्यानं.

सासूबाईंना ते गढूळ पाणी बघवायचं नाही. त्या नदीकाठच्या पेडगावच्या. "ही तर नदीतल्या शिंगटीची पिल्लं, आमी कालवण करून खाल्ली. एवढे लाड कशाला?" म्हणायच्या. पण मी शाळेत शिकवायला गेले की दुपारभर टाकीपुढे बसून माशांशी बोलायच्या, हे मला शेजारणीनं सांगितलं होतं.

आमच्या बोरचं पाणी इतकं जड, की नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात. असलं पाणी माशांना नको म्हणून मी त्यांच्यासाठी फिल्टरच्या पाण्याचा जार लावला होता. माणसांना बोरचं, माशांना जारचं. घरात टोमणे बसायचे, पण मी कुणाला दाद दिली नाही.

एका मंगळवारी शाळेतून आले, तर टाकीतलं पाणी लख्ख. चारही मासे तळाशी, कल्ले भराभर हलत होते, आणि एक आडवा पडलेला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"लय गढूळ झालं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तुरटी फिरवली. रांजणात फिरवतो तशी."

मला भयंकर राग आला. पण ज्या हातानं जन्मभर घरादाराला निवळ पाणी पाजलं, त्या हाताला काय बोलणार? जार रिकामा होता, म्हणून मी माठातलं बोरचं गार पाणी घेतलं. टाकीतून एक तांब्या काढायचा, एक तांब्या हळू ओतायचा, थोडं थांबायचं, परत ओतायचा. तांब्या त्या भरून देत होत्या. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.

ओतता ओतता मला उमगलं. तुरटीनं पाणी आंबट होतं. जड पाणी तो आंबटपणा पचवतं, जारच्या पाण्यात ती ताकदच नसते. हे मला आधीपासून माहीत होतं, फक्त माझ्या शहाणपणात कुठंतरी दबून गेलं होतं.

दिवेलागणीपर्यंत तिघं वाळू उकरायला लागले. आडवा पडलेला उठला नाही. मी त्याला वाटीनं बाहेर काढलं.

"मीच मारलं त्याला," सासूबाई म्हणाल्या.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. आणि मला गप्प बसावंसं वाटलं, हेही खरं. पण मी सांगितलं, जारचं सगळं सांगितलं.

"म्हंजी बोरचं पाणी असतं तर वाचला असता?"

"बहुतेक वाचला असता, आई."

"मंग अर्धं पाप तुझं," त्या म्हणाल्या, आणि मी घरी आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.