पूर्व मध्य प्रदेश कुठे गेला?

“मॅडम, आपने तो गलत जगह का सर्वे कर दिया,” बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. कल्पनाने माझ्याकडे पाहिले. मी तिचा गाइड, म्हणजे संशोधनाचा मार्गदर्शक. मी पंख्याकडे पाहिले.

रायपूर नुकतेच राजधानी झाले होते. कल्पना गुढ़ियारीतल्या एका रेल्वे गार्डची मुलगी. आरंगकडच्या खेड्यांत बांधाबांधावर फिरून तिने भूगोलाच्या पीएचडीसाठी भातशेतीचे नकाशे काढले होते. प्रबंधाचे शीर्षक ‘पूर्व मध्य प्रदेशातील भातशेती’. नोंदणी केली तेव्हा ते बरोबरच होते. प्रबंध जमा केला आणि राज्य वेगळे झाले. आता आरंग छत्तीसगडात, आणि पूर्व मध्य प्रदेश म्हणजे रीवाचा भाग. तिकडे कल्पना कधी लग्नालासुद्धा गेली नव्हती.

“सर, वावरं तं जागच्या जागीच आहेत,” ती मला हळूच म्हणाली. “मंग मी कुठं चुकली?”

परीक्षक माणूस वाईट नव्हता, फक्त नियमाला घाबरत होता. “शीर्षक बदलवा लीजिए, मैं अभी पास करता हूँ.”

वायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, तिथेच थांबवून मी ऑफिसात धावलो. बाबू शांतपणे म्हणाले, “शीर्षक बदला तो रजिस्ट्रेशन नया. सब शुरू से.”

“और नहीं बदला तो?”

“तो मॅडम रीवा जाकर सर्वे कर लें.”

माझे डोके सणकले. पुढच्याच आठवड्यात लेक्चररच्या मुलाखती होत्या. पदवी नसली तर कल्पनाला दारातूनच परत पाठवले असते.

आमचे विभागप्रमुख तिथेच बसून सुपारी कातरत होते. त्यांनी बाबूंना विचारले, “बदलना मना है. जोड़ना?”

बाबूंनी नियम चाळले. जोडायला मनाई नव्हती. आम्ही शीर्षकापुढे जोडले, ‘एक ऐतिहासिक अध्ययन’. तो पूर्व मध्य प्रदेश आता इतिहासजमाच होता. परीक्षकांचा चेहरा खुलला. वायवा पुन्हा सुरू झाली.

“उस काल में धान की कौन सी पद्धति थी?”

“बियासी, सर.” बियासी म्हणजे उगवलेल्या भातात पुन्हा नांगर फिरवणे.

“कब तक चली?”

“परसों तक तो चल रही थी, सर.”

परीक्षकांनी ते लिहून घेतले आणि सही केली. मला इतके हलके वाटले की मी बाबूंनाही पेढा दिला.

संध्याकाळी कल्पनाच्या बाबांचा फोन आला. “सर, पोट्टीनं वावरं मोजली भूगोलाची, अन् डॉक्टर झाली इतिहासाची, काहून?” मी म्हटले, आधी नोकरी लागू द्या, मग सांगतो.

नोकरी लागली, भूगोलाचीच. प्रबंध मात्र ग्रंथालयाने इतिहासाच्या कपाटात लावला. भातशेतीवर काम करायला कोणी आले की मी त्याला तिकडे पाठवतो. आणि शीर्षकात राज्याचे नाव घालू देत नाही, ‘महानदीचे खोरे’ लिहायला सांगतो. राज्य हलवायचे तर एक विधेयक पुरते. नदी हलवायला निदान आमच्या परवानगीची वाट पाहावी लागेल, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. ते मान डोलावतात आणि पेन्सिलीने लिहितात.