ग्लासातली थोटकं

ऐंशीच्या दशकात माझी पोस्टिंग जयपूरच्या छावणीत होती. मी हुद्द्याने नाईक, हवालदाराच्या खालचा, रेडिओ ऑपरेटर. खोलीत दोघंच, मी आणि हवालदार कदम. ते माण तालुक्यातले, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. रेडिओ सेट त्यांनीच मला शिकवला आणि सिगारेटही त्यांनीच.

बॅटऱ्या उचलून मला हर्निया झाला. मिलिटरी हॉस्पिटलच्या सर्जनसाहेबांनी ऑपरेशनला जूनची तारीख दिली आणि हुकूम सोडला, "छह हफ्ते सिगरेट बंद. एक भी नहीं."

ऑगस्टअखेर आमची तुकडी डोंगरात जाणार होती. यादीत माझं नाव होतं. ऑपरेशन वेळेवर झालं तरच मी फिट ठरणार होतो. नाहीतर माझ्या जागी जायला एकच ऑपरेटर उरत होता, कदम. त्यांची पेन्शन वर्षावर आली होती, म्हणून त्यांना जयपूरला ठेवलं होतं.

हुकूम मला होता, उस्तादांना नव्हता. आणि नाईक हवालदाराला "बाहेर जाऊन ओढा" असं सांगत नाही. पहाटे साडेचारला त्यांची पहिली काडी पेटायची. मे महिन्यात लूचे गरम वारे सुटले की खिडक्या बंद आणि धूर आत. उशी, चपाती, धुतलेला बनियन, सगळ्याला तोच घाण वास. थोटकं ते चहाच्या ग्लासात टाकायचे. तळाच्या चहात ती फुगायची. वर खाकरून त्यातच थुंकायचे. मी स्वतः ओढत होतो तेव्हा यातलं काहीच दिसलं नव्हतं.

"उस्ताद, निदान ग्लास तरी धुवा."

"आरं, बायकूवानी काय मागं लागतोस? सहा हप्त्यांचं सोंग तुझं."

पाच आठवडे मी टिकलो. सहाव्या आठवड्यात, ते ड्यूटीवर असताना, मी त्या ग्लासातलं वरचं, त्यातल्या त्यात कोरडं थोटूक उचललं, पुसलं आणि ओढलं. पाकीट त्यांच्या उशाशीच होतं. पण पाकिटातली एक कमी झाली असती तर त्यांना कळलं असतं. थोटकं कोण मोजतो? मग रोज दोन झाली, रोज तीन. स्वतःची इतकी किळस मला तोवर कधी आली नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला उस्ताद माझ्यासोबत हॉस्पिटलात आले. भूल देणाऱ्या मेजरसाहेबांनी विचारलं, "लास्ट सिगरेट कब?"

"छह हफ्ते पहले, सर."

मागून उस्तादांचा आवाज आला. "झूठ बोल रहा है, सर. कल शाम को भी पी है. मेरे ग्लास से."

म्हणजे ते थोटकं मोजत होते. मेजरसाहेबांनी मला खोकायला लावलं, छाती पुन्हा तपासली आणि कागदावर रेघ मारली. ऑपरेशन तीन महिने पुढे गेलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आता यादीत तुमचं नाव लागेल."

"म्हाईत हाय."

"मग कशाला बोललात?"

"टेबलावर मेला असतास तर तुझ्या आईला काय सांगू? माझं थोटूक ओढून मेला?"

एवढं बोलून त्यांनी लगेच काडी ओढली. माझं डोकंच फिरलं. त्यानंतर मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोललो.

ऑगस्टअखेर जयपूरच्या खातीपुरा स्टेशनवर तुकडीची गाडी लागली. उस्तादांनी हात पुढे केला. दोन बोटं नखापर्यंत पिवळी. मला शिसारी आली. हात पाठीमागे बांधूनच मी "राम राम, उस्ताद" म्हणालो. त्यांनी तोच हात खिशात घालून पाकीट काढलं.

माझं ऑपरेशन नीट झालं. ऑक्टोबरअखेर मी रेडिओ रूममध्ये लाइट ड्यूटीवर होतो. सकाळी अकरा वीसला सेट आमचं सांकेतिक नाव बोलू लागला.

"हॅलो रोमिओ टू. मेसेज. ओव्हर."

"रोमिओ टू. सेंड. ओव्हर."

डोंगरात तुकडीचा ट्रक दरीत गेला होता. चौघे जखमी, एक मृत. मृताचा नंबर, मग हुद्दा, मग नाव.

"से अगेन. ओव्हर."

पलीकडच्याने पुन्हा सांगितलं. हवालदार कदम.

"रॉजर. आउट."

लॉगमध्ये वेळ लिहिली. मग स्टेशनवर पाठीमागे बांधलेला माझा हात आठवला, आणि त्या थोटकांच्या वेळी आली होती त्याहून वाईट, स्वतःचीच किळस आली.

खोलीत त्यांचा ग्लास तसाच होता. थोटकं वाळून तळाला चिकटली होती. मी तो राखेने घासला.

त्यानंतर मी सिगारेटला शिवलो नाही. तो वास अजूनही सोसवत नाही. पण कोणी हात पुढे केला आणि बोटं पिवळी दिसली, तर तो हात मी दोन्ही हातांनी धरतो.