मर्टल ट्रेनेरीची मंद गोळी

मर्टल ट्रेनेरी एकसष्ट वर्षांची होती, आणि गेल्या अठरा वर्षांत तिने रायफल खांद्याला लावली नव्हती. त्याआधीची बत्तीस वर्षे मात्र तिने दुसरे काही केलेच नव्हते. मूंटाच्या तांब्याच्या खाणी बंद पडल्या तेव्हा तिच्या वडिलांनी कुदळ टाकून रायफल उचलली, आणि दुसऱ्याच वर्षी अकरा वर्षांची मर्टल त्यांच्यामागून सशांच्या बिळांवर जाऊ लागली. मांस गावात खपे, कातडी टोप्या करणाऱ्यांकडे जात. पुढे पिके फस्त करणाऱ्या सशांमध्ये मुद्दाम रोग सोडण्यात आला, यॉर्क द्वीपकल्पावरचे माळ दोन उन्हाळ्यांत ओस पडले, आणि मर्टलची विद्या निरुपयोगी ठरली. तिने तक्रार केली नाही. धान्यकोठाराच्या उपाहारगृहात ती भांडी घासू लागली, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर चालू लागली.

त्या चालण्यातच तिला सुरय भेटले. कबुतराच्या निम्म्याने असलेले, शुभ्र, डोक्यावर काळी टोपी ल्यालेले ते समुद्रपक्षी दर उन्हाळ्यात वाळूच्या एका निमुळत्या जिभेवर उतरत. त्यांचे घरटे म्हणजे वाळूत पोटाने केलेली एक खळगी. तिच्यात वाळूच्याच रंगाची एक-दोन अंडी. आडोसा नाही, काडी नाही. आईबापांचे शरीर हेच छप्पर. ते छप्पर भर उन्हात काही पळांसाठी उडाले तरी अंडे आतल्या आत शिजते, आणि तेवढ्यात कुरव पक्ष्यांच्या टोळ्या उतरल्या तर शिजायलाही काही उरत नाही. चहूकडच्या किनाऱ्यावर सुरयांची ही एकच वसाहत शिल्लक होती. मर्टल दर वर्षी घरटी मोजी. यंदा चव्वेचाळीस होती.

डिसेंबरच्या, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्याच्या, दुसऱ्या आठवड्यात ती तेहेतीस झाली. तीन पहाटांत अकरा घरटी गेली. वाळूवर पावलांचे ठसे होते. ठसा रुंद, चाल निवांत. कुणीतरी सोडून दिलेला, रानटी झालेला बोका. वन्यजीव खात्याच्या माणसाने पिंजरे लावले, त्यांत मासे ठेवले. बोक्याने पिंजऱ्यांना वळसा घातला. घरट्यांमध्ये विष टाकता येत नव्हते. शेवटी त्या माणसाने मर्टलला चिठ्ठी लिहून दिली : जमल्यास गोळी घाला, पण पक्षी उठता कामा नयेत.

ती चिठ्ठी टेबलावर ठेवून मर्टल आणि तिचा थोरला भाऊ क्लेम समोरासमोर बसले. क्लेम विधुर, न्यू गिनीच्या रानांत लढून आलेला. बायको गेल्यापासून बहिणीकडेच राहत असे. त्याने आपली आखूड नळीची रायफल भिंतीवरून काढून आणली.

"ही घे. हलकी आहे, चपळ आहे. वेगाची गोळी घातलीस की शंभर पावलांवरसुद्धा सरळ रेघेत जाते. बोक्याला कळायचंही नाही."

"बोक्याला नाही कळणार. बाकी साऱ्या पंचक्रोशीला कळेल," मर्टल म्हणाली.

"बावीसची एवढीशी गोळी ती, मर्ट. तोफ आहे का?"

"वेगाची गोळी आवाजाच्या पुढे पळते, क्लेम. मग जाईल तिथवर चाबूक ओढल्यासारखी कडकडत जाते. शिवाय तुझी नळी सोळा इंची. दारू जळून संपते न संपते तोवर गोळी बाहेर, आणि मागून तो सगळा दाब भसकन बाहेर. तेहेतीसच्या तेहेतीस घरटी उघडी पडतील."

"मग काय, त्याला हाका मारणार आहेस?"

मर्टल उठली आणि कपाटामागून वडिलांची रायफल घेऊन आली. अठ्ठावीस इंचांची जड, काळी नळी. एका वेळी एकच काडतूस. झुडपांत अडकते, गाडीत मावत नाही, म्हणून क्लेम तिला लग्गी म्हणत असे. परंतु त्या लांबीला अर्थ होता. एवढ्याशा काडतुसातली चिमूटभर दारू पहिल्या सोळा-सतरा इंचांतच जळून जाते. उरलेल्या नळीत धूर पसरतो, निवतो, त्याचा दाब ओसरतो, आणि गोळी घासत घासत थोडी मंदावते. तोंडाशी उरतो तो एक सुस्कारा. त्या नळीत मुळातच मंद, आवाजाच्या मागे राहणारी गोळी घातली की चाबूकही वाजत नाही.

"आणि मंद गोळी खाली पडते त्याचं काय?" क्लेमने विचारले. तो काही अडाणी नव्हता.

"पन्नास पावलांवर पडत नाही. पाऊणशेवर तीन बोटं. शंभरावर जवळजवळ वीतभर. म्हणून पन्नासाच्या आतच जायचं."

"एकसष्टाव्या वर्षी पोटावर सरपटत?"

"तू येऊ नकोस म्हणजे झालं. तुझे गुडघे वाजतात. ते आवाजाच्या पुढे जातात."

दुसऱ्या दिवशी तिने चार प्रकारची काडतुसे मागवली. रायफलीची जीभ माणसासारखीच असते. एकीला जे मानवते ते दुसरीला रुचत नाही, आणि हे खोक्यावर लिहिलेले नसते. मर्टलने अंगणातल्या बाकावर वाळूची पिशवी ठेवली, पन्नास पावलांवर कागद लावला आणि प्रत्येक प्रकाराच्या पाच-पाच गोळ्या झाडायला घेतल्या. पहिला प्रकार कोंबड्यांपुढे दाणे फेकावेत तसा विखुरला. दुसरा बरा, पण त्याची गोळी भरीव होती. अशी गोळी खडकावर आपटली की उसळून भलतीकडे जाते. तिसऱ्यात दारू इतकी थोडी की एवढ्या लांब नळीत गोळी अडकून बसण्याचे भय. तो तिने एका गोळीनंतरच बाजूला सारला. चौथा प्रकार मंद, पोकळ नाकाचा, शिशावर मेणाचा पातळ लेप असलेला. त्याची पाच भोके एका पाच सेंटच्या नाण्याखाली झाकली गेली.

तिने त्याच्याच आणखी डझनभर गोळ्या झाडल्या. प्रत्येक गोळी जाताना नळीला आपले मेण लावून जाते. तो लेप एकसारखा बसला की नळी त्या गोळीला ओळखू लागते. मग रायफल दाराशी उभी करून, बारा काडतुसे खिशात मोजून ती लवकर झोपायला गेली.

पहाटे ती वाळूच्या टेकाडामागे पोहोचली तेव्हा पूर्वेला नुसती राखाडी रेघ होती. लालसर खारी झुडपे जिथे संपतात आणि वाळूची जीभ सुरू होते, त्या फटीतून बोका रोज येई. तिची जागा त्या फटीपासून अठ्ठेचाळीस पावलांवर होती. ती पोटावर निजली, काडतूस भरायला तिने खटका मागे ओढला, आणि थबकली.

तेलाचा वास.

तिने नळी आकाशाकडे धरून मागून डोळा लावला. आतून उजेड आरशासारखा झळकत होता. करडा, मेणकट लेप कुठेच नव्हता. ब्रश फिरवून, तेलाच्या चिंध्या ओढून कुणीतरी नळी चकचकीत केली होती, आणि घरात ते करणारा एकच माणूस होता. न्यू गिनीत ज्याची रायफल मळकी निघे त्याला क्लेम रांगेसमोर उभे करी. बहिणीच्या मोठ्या दिवसासाठी त्याने आपल्याकडून पूजाच बांधली होती.

धुतलेल्या नळीतली पहिली गोळी कुठे जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. चार बोटे डावीकडे, दोन बोटे वर. बोक्याचे डोके मुठीएवढे. नेम चुकला तर तो बोका पुन्हा उजेडात येणार नाही. रोज अंधारात येईल आणि आठवडाभरात वाळू मोकळी करील. नेम धरण्याआधी नळीला पुन्हा मेण चाखवायला हवे होते, म्हणजे आठ-दहा गोळ्या. आणि इथे एकही झाडता येत नव्हती.

अर्ध्या मैलावर चुनखडीची जुनी खाण होती. तिथला आवाज तिथेच राहिला असता. पण जाऊन येईपर्यंत उजाडणार होते. समोरच्या अंधारात सुरय झोपेत कुजबुजत होते. मग तिने रायफल उचलली आणि पाठ वाकवून ती खाणीकडे निघाली. टेकाड ओलांडल्यावर धावली.

खाणीच्या भिंतीवर पांढऱ्या गोगलगाया चिकटलेल्या होत्या. तिने त्यांतली एक निवडली, पन्नास पावले मोजली. पहिली गोळी चार बोटे डावीकडे धूळ उडवून गेली. दुसरी वर. तिसरी पुन्हा डावीकडे, पण जवळ. दोन गोळ्यांच्या मध्ये ती श्वास मोजत होती. घाईने तापलेली नळी वेगळे खोटे बोलते. चौथी, पाचवी, सहावी. सातवीने गोगलगायीच्या कडेचा दगड उडवला. आठवीने गोगलगाय नाहीशी केली. तिने दुसरी गोगलगाय निवडली, आणि काडतूस भरतानाच समुद्राकडून कुरवांचा कल्लोळ ऐकू आला.

बोका आत शिरला होता.

चार काडतुसे उरली होती. नळी खरोखर बसली की आठवी गोळी योगायोगाने लागली, हे नववीनेच कळले असते. मर्टलने नववी झाडली. दुसरी गोगलगाय फुटली. मग ती पळाली.

आपल्या जागेपर्यंत जाणे शक्यच नव्हते. टेकाडाच्या अलीकडच्या टोकावर ती आडवी झाली आणि कोपरांवर पुढे सरकली. सुरय हवेत होते, सगळेच्या सगळे, किंचाळत, बोक्याच्या पाठीवर सूर मारत. खाली तो राखाडी पट्ट्यांचा मोठा देह घरट्यांच्या मधोमध उभा होता, आणि कडेकडेने कुरव उतरत होते. अंतर पाऊणशे पावले. तीन बोटे वर धरली तर गोळी पोहोचली असती. पण त्याच्यामागे, त्याच रेषेत, वाळूला चिकटून बसलेली पिल्ले होती. गोळी चुकली तरी, आरपार गेली तरी ती तिथेच जाणार होती.

तिने चापावरून बोट काढले.

बोक्याने एक घरटे चाटून पुसून घेतले. मर्टल पाहत राहिली. त्याने दुसरे घेतले. तिसऱ्याचे अंडे एका कुरवाने त्याच्याआधीच उचलले. मर्टलने चावलेल्या ओठांतून रक्त आले, ते तिला वाळूची चव बदलली म्हणून कळले. चौथ्या खळगीतून बोक्याने एक पिल्लू तोंडात धरले आणि तो वळला. न धावता, माथ्यावरच्या किंचाळण्याकडे ढुंकूनही न बघता तो आपल्या फटीकडे चालू लागला.

सत्तर पावले. पासष्ट. झुडपांपाशी पोहोचला की दिसेनासा होणार. साठ. आता त्याच्यामागे फक्त ओली वाळू आणि समुद्र होता, पण डोके हलत होते.

मर्टलने डाव्या हाताची पाठ ओठांना लावली आणि श्वास आत ओढला. फासात पाय अडकलेला ससा ओरडतो तसा बारीक, चिरका आवाज निघाला. वडिलांनी पहिल्याच वर्षी शिकवलेला हा आवाज अठरा वर्षे तिच्या ओठांतून उमटला नव्हता.

बोका थांबला. कान उभे करून त्याने तिच्या दिशेने पाहिले.

तिने नळीच्या तोंडावरची नेमाची माशी कानांच्या टोकांवर, बोटभर वर टेकवली आणि चाप दाबला. चहाच्या डब्याचे झाकण लागावे एवढाच आवाज झाला. बोका जागच्या जागी बसला, मग कुशीवर कलला, आणि पुन्हा हलला नाही.

सुरय अजून हवेतच होते. मर्टल मोजू लागली. वीस श्वास, तीस. कुरवांना हाकलत हाकलत पहिला सुरय उतरला, छाती हलवून खळगीवर बसला. मग दुसरा. शंभराव्या श्वासापर्यंत वाळू पुन्हा पांढऱ्या ठिपक्यांनी भरली. तिने मोजले; दोनदा मोजले. एकोणतीस.

तेव्हा तिच्या लक्षात आले की आपल्याला उठता येणार नाही. टेकाडाच्या या बोडक्या टोकावर ती उभी राहिली असती तर सारी वसाहत पुन्हा उडाली असती, आणि सूर्य आता वर आला होता. दुपारी समुद्रावरून थंड वारा सुटून वाळू निवेपर्यंत तिला इथेच, अशीच पडून राहणे भाग होते. पाण्याची बाटली मागे पहिल्या जागेवर राहिली होती. मुंग्या तिच्या मनगटावरून जात-येत होत्या. तिने डोके हातांवर टेकले.

दहाच्या सुमारास मागे वाळू घसरली. क्लेम टेकाडाच्या माथ्यावर उभा राहण्याच्या बेतात होता. मर्टलने मान न वळवता डावा तळहात जमिनीकडे दाबला. चौसष्ट वर्षांचा तो माणूस तत्क्षणी पोटावर पडला आणि तीस वर्षांपूर्वी चिखलात सरपटत असे तसा, गुडघे कडकड वाजवत, तिच्या शेजारी आला.

"मेला?" त्याने कुजबुजत विचारले.

"मेला."

"किती गोळ्या?"

"एक."

क्लेमचा चेहरा उजळला. "बघ! मी रात्री नळी साफ केली ना, आरशासारखी! तुला सांगणारच नव्हतो."

मर्टलने डोळे मिटले. ओरडता येत नव्हते, आणि हसताही येत नव्हते; दोन्हींनी पक्षी उठले असते. काही न बोलण्याचा विचारही तिच्या मनात येऊन गेला. पण पुढच्या वर्षी पुन्हा डिसेंबर येणार होता.

"क्लेम," ती हळूच म्हणाली, "सैन्यातली नळी साफ करतात. ही करायची नसते. हिला मेण लागतं. मला खाणीत जाऊन नऊ गोळ्या झाडाव्या लागल्या. तेवढ्यात तो आत गेला."

क्लेमने मान किंचित उचलून वाळूवरच्या खळग्यांकडे पाहिले.

"किती गेली?"

"चार घरटी."

त्याने टोपी काढली आणि कपाळ मनगटावर टेकले. त्याच्या टकलावर ऊन पडले. मर्टलने टोपी उचलून पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली.

"मला बोलून घे," तो म्हणाला. "घरी गेल्यावर. मोठ्यानं."

"बोलणार आहे. पाणी आणलंस का?"

"आणलंय. पेस्टीही आणली होती." त्याने पोटाखालून कागदाचे पुडके ओढून काढले. सरपटताना ते पार चपटे झाले होते. सारणातला बटाटा आणि सलगम मैद्याच्या पारीच्या कडेने बाहेर आले होते.

मर्टल आधी अर्धी बाटली पाणी प्यायली, मग तिने वाळूसकट पेस्टी खाल्ली. समोर सुरयांची एक जोडी जागा बदलत होती : समुद्रावरून आलेला खळगीशी उतरला, बसलेला उठला, आणि मधल्या निमिषात दोन अंडी उन्हात उघडी दिसली.

"कधी उठायचं?" क्लेमने विचारले.

"वारा सुटला की."

"तीन वाजतील."

"वाजू देत."